माणसं कामाला लागतात, पण टिकत का नाहीत? सोलापुरात कारखानदारांशी भागीदारी कशी बांधायची

प्रश्न असा आहे. सोलापुरातल्या एका संस्थेने साखर पेठ, बापूजी नगर, शास्त्री नगर, सेटलमेंट आणि विडी घरकुल इथल्या तरुणांसाठी आणि बायकांसाठी दोन रोजगार मेळावे घेतले. कारखानदार आले, नेमणूकपत्रं वाटली गेली. तीन महिन्यांनी पाहिलं तर बहुतेक जण घरी परतलेले. मालक म्हणतात, "तुमची माणसं टिकत नाहीत." माणसं म्हणतात, "ते काम आम्हाला परवडत नाही." आता कारखानदारांशी पक्की भागीदारी करायची आहे, तर सुरुवात कुठून करावी?

दोघंही खरं बोलताहेत. मालकाला माणूस हवाय, माणसाला काम हवंय, पण मधल्या सांध्याची जबाबदारी कुणाच्याच अंगावर नाही. नेमणूकपत्र मिळाल्यापासून तिसरा पगार हातात पडेपर्यंतचे साधारण नव्वद दिवस म्हणजे तो सांधा. भागीदारीत जे काही ठरवायचं ते या नव्वद दिवसांसाठी ठरवा. मेळावा तूर्त बाजूला ठेवा.

पहिली यादी माणसांची नको, जागांची करा. त्यासाठी मालकाच्या केबिनमध्ये बसून "किती माणसं लागतील?" असं विचारू नका. "लागतील की वीस-पंचवीस" हे उत्तर ठरलेलंच असतं आणि त्याला काही अर्थ नसतो. विचारायचं ते असं: गेल्या सहा महिन्यांत कोणत्या खात्यातून किती जण गेले, आणि रुजू झाल्यावर कितव्या आठवड्यात गेले? जमलं तर हजेरीपट समोर ठेवूनच बोला. पहिल्या दहा दिवसांत माणसं गळत असतील तर अडचण कामाच्या जागी किंवा सुपरवायझरकडे आहे. पहिला पगार घेऊन जात असतील तर सांगितलेला पगार आणि हातात पडलेला पगार यांत फरक आहे. दिवाळीचा बोनस घेऊन जात असतील तर शेजारच्या कारखान्यात दर जास्त आहे. तिन्हींचा इलाज वेगळा. मग त्या खात्यात एक अख्खी पाळी उभं राहून बघा. टॉवेल कारखान्यात 'हेल्पर' म्हटलं की त्यात कांडी भरणं, कडा शिवलेल्या मालाचं चेकिंग, गठ्ठे बांधणं आणि प्रोसेसमध्ये (धुलाई-रंगाईत) ओला माल उचलणं हे सगळं येतं. ओल्या टॉवेलचा गठ्ठा उचलणं आणि खुर्चीवर बसून धागे कापणं या दोन वेगळ्या नोकऱ्या आहेत. जागेचं नाव न लिहिता काम लिहा.

पगाराची बोलणी हातात येणाऱ्या रकमेवरच करा. समजा मालक १४,००० म्हणतो आणि पीएफ पूर्ण रकमेवर कापला जातो. पीएफचे १२ टक्के म्हणजे १,६८०, ईएसआयचे (कामगार विम्याचे) ०.७५ टक्के म्हणजे १०५, आणि पुरुषाचा व्यवसायकर २००. हातात येतात १२,०१५. बाईला महाराष्ट्रात २५,००० रुपयांपर्यंत व्यवसायकर नाही, म्हणून तिच्या हातात १२,२१५. शेअर रिक्षाला रोज ६० रुपये गेले तर २६ दिवसांचे १,५६० आणखी वजा. हा हिशोब रुजू होण्याआधी कागदावर मांडून दाखवला नाही, तर पहिल्या पगाराच्या दिवशी घरात "तुला फसवलं" हेच ऐकायला मिळतं आणि दुसऱ्या दिवशी माणूस येत नाही. पीएफचे पैसे बुडत नाहीत, मालकही तेवढीच भर घालतो, ईएसआयमुळे घरच्यांच्या उपचारांची सोय होते, हे तेव्हाच समजावा. त्या त्या कामाचं चालू किमान वेतन किती आहे तेही आधीच तपासून जा.

दुसरी गोष्ट दिसायला साधी, पण सगळ्यात जास्त माणसं इथे गळतात. विडी आणि पॉवरलूममधल्या घरांचा सगळा हिशोब आठवड्याचा. आठवड्याला पैसे, आठवड्याचा बाजार, आठवड्याचा फायनान्सचा हप्ता. कारखान्यात २ तारखेला रुजू झालेल्या बाईला पहिला पगार पुढच्या महिन्याच्या ७ तारखेला मिळतो, म्हणजे मध्ये पस्तीस दिवस. तेवढे दिवस उधारीवर काढण्याची ताकद त्या घरात नसते. तिसऱ्या आठवड्यात ती पुन्हा सूप मांडीवर घेऊन विड्या वळायला बसते, कारण तिथे आठवड्याला काहीतरी हातात पडतं. मालकाला सांगा की पहिले आठ आठवडे दर शनिवारी हजेरीप्रमाणे उचल द्या आणि महिन्याच्या पगारातून वळती करा. त्याचे जास्तीचे पैसे काहीच जात नाहीत, हिशेबनिसाचं काम थोडं वाढतं एवढंच. ही एक अट मान्य झाली तरी फरक लगेच दिसतो.

उचलीची दुसरी बाजू जुन्या मालकाकडे असते. लूमवरच्या कामगाराच्या अंगावर आधीच्या कारखानदाराची उचल थकलेली असेल, तर काम सोडल्यावर तगादा सुरू होतो. पहिल्याच भेटीत हे विचारा. किती बाकी आहे ते जुन्या मालकाकडून लिहून घ्या आणि महिन्याचा हप्ता ठरवा. लपून राहिलं तर दुसऱ्या महिन्यात माणूस गायब होतो आणि नव्या मालकाला कारणच कळत नाही.

आता पाणी. सोलापुरात वर्षानुवर्षं नळाला काही दिवसांआड पाणी येतं, आणि ते कधी पहाटे, कधी भर कामाच्या वेळी. ज्या दिवशी पाण्याची पाळी असेल त्या दिवशी घरातली बाई नळ सोडून कामावर जाऊ शकत नाही. तिने भरलं नाही तर पुढचे चार-पाच दिवस घर कोरडं. कारखान्याच्या वहीत मात्र त्याची नोंद 'वारंवार उशीर' अशी होते. उपाय सोपा आहे. कोणत्या भागाला कोणत्या दिवशी पाणी, याचा तक्ता संस्थेने करायचा आणि सुपरवायझरला द्यायचा. ज्यांच्या भागाला पाणी येणार असेल त्यांना त्या दिवशी दोन तास उशिरा येऊन दोन तास उशिरा जाण्याची मुभा. एका लाइनवरच्या सगळ्या बायका एकाच भागातल्या नसल्या तर लाइन बंद पडत नाही. म्हणून माणसं निवडतानाच भाग मिसळा. फायनान्स गटाची आठवड्याची बैठक, सिद्धेश्वरांची गड्ड्याची यात्रा, पद्मशाली समाजाचा नारळी पौर्णिमेचा मार्कंडेय रथोत्सव, हेही त्याच तक्त्यात आणा. रथाच्या दिवशी शहराच्या पूर्वभागातली, म्हणजे तेलुगू विणकरांच्या वस्त्यांतली, माणसं कामावर येणार नाहीत हे वर्षभर आधी माहीत असतं. ती रजा आधीच ठरवून त्याबदल्यात एखादा रविवार भरून घ्यायला सगळे तयार असतात.

जागेचं अंतरही इथेच बघा. अक्कलकोट रोड एमआयडीसी पूर्वभागाला लागून आहे, बायका सायकलने किंवा पायी जातात. चिंचोळी एमआयडीसी पुणे रस्त्यावर शहरापासून पंधराएक किलोमीटर बाहेर. तिथे कंपनीची बस नसेल तर बायकांना पाठवूच नका. कुंभारीच्या गोदूताई परुळेकर वसाहतीतल्या आणि रे नगरातल्या घरांसाठी हिशोब उलटा आहे. तिथली माणसं शहरात येण्यापेक्षा अक्कलकोट रोडच्या कारखान्यांना जास्त सोयीची. रे नगरची पहिली १५,००० घरं जानेवारी २०२४ मध्ये दिली गेली, त्यामुळे त्या बाजूला काम शोधणारे हात पुष्कळ आहेत.

भागीदारी मालकाशी होते, पण ती चालवतो सुपरवायझर. करारावर मालकाची सही असली तरी नव्या माणसाला पहिल्या दिवशी "एवढंही येत नाही का?" असं चारचौघांत म्हणणारा सुपरवायझर तो करार दहा सेकंदात मोडतो. त्यामुळे तुकडी पाठवण्याआधी प्रत्येक खात्यातल्या एका जॉबरला (मुकादमाला) किंवा लाइन सुपरवायझरला नावानिशी जबाबदारी द्या. त्याला मालकाकडून काही भत्ता मिळावा. तो माणूस आणल्याबद्दल नको, नव्वद दिवस टिकल्यावर द्यावा. पूर्वभागातल्या बायकांशी तेलुगूत बोलणारा असेल तर उत्तम. मशीनची धोक्याची बटणं आणि बॉयलरच्या सूचना मराठीत भिंतीवर लिहून भागत नाही, तोंडी आणि तेलुगू, कन्नड, उर्दूत सांगाव्या लागतात.

एकाच गल्लीतले दहा जण एका कारखान्यात पाठवू नका. एकाचं वाजलं की दहाही जातात. एकटीलाही पाठवू नका. दोघी-तिघी मिळून पाठवल्या की डबा खायला सोबत असते आणि संध्याकाळी परत यायचा धीरही.

प्रशिक्षणाबद्दल नेमकं सांगतो, कारण युनिफॉर्मच्या धंद्यामुळे सोलापुरात शिवणकामाच्या जागा भरपूर आहेत आणि विडी कामगार बायकांची बोटं या कामाला फार चांगली. पण घरच्या पायमशीनवरून आलेली बाई कारखान्याच्या सिंगल नीडलवर बसली की पाय पूर्ण दाबते. कारखान्यातलं मशीन मिनिटाला चार-पाच हजार टाके मारतं. कापड हातातून निसटतं, धागा तुटतो, कधी सुई बोटात जाते. ती घाबरते आणि दुसऱ्या दिवशी येत नाही. म्हणून पहिले दोन दिवस दोरा लावायचाच नाही. सर्व्हो मोटर असेल तर वेग अगदी कमी ठेवायचा आणि शाळेच्या वहीचं रेघांचं पान सुईखाली द्यायचं. रेघेवर सरळ जाणं, रेघ संपते तिथेच थांबणं, मग चौकोनाचे कोपरे, मग वाटीने काढलेला गोल. भोकं रेघेवरून हलली की पाय कुठे चुकला ते तिचं तिलाच दिसतं. तिसऱ्या दिवशी दोरा, चौथ्या दिवशी चिंध्यांवर सरळ शिलाई. दुसऱ्या आठवड्यात एकच काम, शर्टचा खिसा किंवा पट्टी. ओव्हरलॉक आणि काजबटण त्यानंतर. शिकवण्याचं मशीन कारखान्यातलंच असावं. संस्थेच्या हॉलमध्ये तीन महिने जुन्या मशीनवर शिकवून पाठवलेल्या मुलीला कारखान्यात पुन्हा पहिल्यापासून शिकावं लागतं.

चाळिशी ओलांडलेल्या बायकांचे डोळे रुजू होण्याआधी तपासा. चेकिंगमध्ये नापास होणाऱ्या कितीतरी जणींना फक्त जवळचा चष्मा हवा असतो. विडी बोटांच्या सवयीने वळता येते, तिथे नजर कमी झालेली कळत नाही. काळ्या कापडावरची सुटलेली शिलाई मात्र दिसावीच लागते. दोन-तीनशे रुपयांच्या चष्म्याने नोकरी वाचते. तसंच, वर्षानुवर्षं जमिनीवर मांडी घालून बसलेल्या बाईचे पाय खुर्चीवर आठ तास बसून सुजतात. पहिले दोन आठवडे पायाखाली लाकडी पाट आणि दर दोन तासांनी पाच मिनिटं उठणं, एवढं सुपरवायझरकडून कबूल करून घ्या.

लहान मुलांचा प्रश्न टाळू नका. जुन्या फॅक्टरी कायद्याप्रमाणे तीसहून जास्त बायका असतील तर पाळणाघर लागायचं, नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहितेप्रमाणे पन्नास किंवा जास्त कामगार असतील तर लागतं, पण तुमचे बरेच कारखाने त्याहून छोटे असणार. अंगणवाडी दुपारी सुटते आणि पाळी सुटते संध्याकाळी. मधले तास सांभाळायला वस्तीतल्याच एका बाईला पगार देऊन ठेवा आणि तो खर्च करारात लिहा.

कागदपत्रांत सोलापूरची एक खास अडचण आहे. तेलुगू घरांत आडनाव आधी, मग नाव, आणि लग्नानंतर दोन्हीत बदल. आधारवर एक, बँकेत दुसरं, शाळेच्या दाखल्यावर तिसरं. नावातलं एखादं अक्षर इकडचं तिकडे झालं की पीएफचं केवायसी अडकतं आणि पैसे काढायची वेळ येते तेव्हा दावा परत येतो. तुकडी पाठवण्याच्या महिनाभर आधी सगळ्यांचे आधार, पॅन आणि पासबुक शेजारी ठेवून अक्षर न् अक्षर जुळवा. आधी आधार दुरुस्त करा, बाकी सगळं त्याप्रमाणे. आधारला मोबाईल जोडलेला हवा, आणि तो नंबर त्या व्यक्तीच्याच हातात असलेला हवा. नवीन यूएएन (पीएफचा कायमचा क्रमांक) आता उमंग ॲपवर चेहरा दाखवून काढावा लागतो. स्वस्तातल्या जुन्या फोनवर ते होत नाही, म्हणून संस्थेच्या एका चांगल्या फोनवर सगळ्यांचं करून घ्या. ज्या बाईचा विडी कारखान्यातला जुना पीएफ आहे तिला नवा यूएएन काढू नका, जुनाच पुढे चालवा. पेन्शनला १० वर्षांची नोकरी लागते. तिची आठ भरली असतील आणि तिने पेन्शनचे पैसेही काढून घेतले तर ती आठ वर्षं वाया जातात.

या कामाला बळ देणारी एक योजना सध्या चालू आहे: प्रधानमंत्री विकसित भारत रोजगार योजना. १ ऑगस्ट २०२५ ते ३१ जुलै २०२७ या काळात पहिल्यांदाच पीएफमध्ये येणाऱ्याला एका महिन्याच्या पगाराएवढी, जास्तीत जास्त १५,००० रुपये, रक्कम दोन हप्त्यांत मिळते. पहिला हप्ता सहा महिने टिकल्यावर, दुसरा बारा महिन्यांनी. मालकाला १०,००० ते २०,००० पगारासाठी प्रत्येक जादा माणसामागे महिना २,००० रुपये. अट अशी की ५० पेक्षा कमी कामगार असतील तर किमान दोन, नाहीतर किमान पाच जादा माणसं, आणि ती सहा महिने टिकलेली हवीत. म्हणजे माणूस टिकवण्यात मालकाचाही पैसा गुंतलेला आहे. बोलणी करताना हे आकडे पुढे ठेवा. जुना पीएफ असलेल्या विडी कामगार बाईला तो पहिल्या नोकरीचा हप्ता मिळत नाही, हे तिला आधीच सांगा. मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेला बारावी पास लागतं, त्यामुळे या वस्त्यांतली निम्मी मुलं दारातच अडतात. पाचवी ते नववी शिकलेल्यांसाठी ॲप्रेंटिसशिपचा रस्ता खुला आहे. स्टायपेंडचे २५ टक्के, कमाल १,५०० रुपये, केंद्र सरकार देतं. पण ॲप्रेंटिसला पीएफ-ईएसआय नाही, म्हणून मुदत संपल्यावर किती जणांना कायम घेणार हा आकडा लिहून घेतल्याशिवाय मुलं देऊ नका.

पगार सुरू झाल्यावर घराला मिळणाऱ्या सवलतींचं काय, हा प्रश्न बायका विचारत नाहीत, पण मनात तोच असतो. खरं ते सांगा. लाडकी बहीण योजनेत कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख आहे. बाईचे १४,००० आणि नवऱ्याचे ९,००० धरले तर वर्षाचे २,७६,००० होतात. काही घरांना ही नोकरी घ्यावी की नाही याचा विचार खरोखर करावा लागेल, आणि तो हक्क त्यांचा आहे.

छोट्या कारखान्यांसाठी एकट्याने काहीच परवडत नाही, पण मिळून परवडतं. अमेरिकेत मिशिगन राज्यातल्या ग्रँड रॅपिड्समध्ये २००३ पासून 'द सोर्स' नावाने हे चाललं आहे. अनेक छोटे-मध्यम कारखाने वर्गणी भरून कामगारांच्या घरच्या अडचणी सोडवणारी माणसं सामाईक ठेवतात. अमेरिकेतल्याच टेक्सास राज्यातल्या सॅन अँटोनिओ शहरात १९९० साली लीव्हाय स्ट्रॉसचा शिवणकारखाना बंद पडून हजारावर कामगार, बहुतेक बायका, घरी बसले. मग वस्त्यांतल्या संघटनांनी 'प्रोजेक्ट क्वेस्ट' उभा केला आणि प्रशिक्षण सुरू करण्याआधीच कंपन्यांकडून ठराविक जागांची कबुली घेतली. लक्ष्मी-विष्णू आणि नरसिंग गिरजी या गिरण्यांचे भोंगे थांबलेले ज्यांनी पाहिलेत, त्या सोलापूरकरांना या क्रमाचं मोल वेगळं सांगायला नको. अक्कलकोट रोडवर बारा कारखाने एकत्र आले आणि १८,००० रुपयांवर एक समन्वयक ठेवली, तर प्रत्येकाला महिना १,५०० पडतात. दुसरीकडे १४,००० पगाराचा एक माणूस गेला आणि नव्याचं काम पहिले १८ दिवस निम्म्याने झालं, तर सुमारे ४,८५० रुपये तिथेच गेले. रिकाम्या मशीनचा आणि चुकलेल्या डिलिव्हरीचा हिशोब वेगळाच. तीन महिन्यांत समन्वयकाने एक माणूस वाचवला तरी वर्गणी वसूल.

सेटलमेंटमधल्या मुलांची गोष्ट स्वतंत्रपणे हाताळावी लागेल. इंग्रजी राजवटीने ज्यांना गुन्हेगार जमाती ठरवून तारेच्या कुंपणात ठेवलं, त्यांची ही वस्ती. ३१ ऑगस्ट १९५२ ला तो शिक्का कायद्याने पुसला, तरी अर्जावर पत्ता वाचून आजही हात आखडतात. मालकाशी ठरवा की निवड होईपर्यंत अर्जात पत्त्याचा रकाना नसेल, उमेदवाराला क्रमांक असेल. पोलिसांची चारित्र्य पडताळणी फक्त रोकड आणि गोदामाच्या जागांसाठी, आणि ती मागायची तर सगळ्याच उमेदवारांना मागायची. कारखान्यात चोरी झाली तर पहिल्यांदा याच मुलांना उभं करायचं नाही, हेही मालकाकडून आधी बोलून घ्या. अवघड बोलणं आहे, पण ते टाळून मुलं पाठवणं त्यांच्यावर अन्याय आहे.

करार एका पानाचा पुरे. कामाचं वर्णन, हातातला पगार, पाळीची वेळ, आठवड्याची उचल, जबाबदार सुपरवायझरचं नाव. पहिल्या नव्वद दिवसांत कुणालाही काढण्याआधी समन्वयकाला फोन, आणि सलग दोन दिवस गैरहजेरी झाली तर त्याच संध्याकाळी समन्वयक घरी. उमेदवाराकडून कुणीही एक रुपया घ्यायचा नाही. ठेकेदारामार्फत भरती असेल तर दर महिन्याच्या पीएफ भरण्याची प्रत संस्थेला मिळावी आणि दोन-तीन जणांचं पासबुक दर महिन्याला उघडून बघावं. कापलेला पीएफ भरलाच नाही हे वर्षाने कळून उपयोग नसतो. "गेलेल्याच्या बदली लगेच दुसरा देऊ" असं वचन मात्र कधीच लिहून देऊ नका. ते दिलं की माणूस टिकवण्याची मालकाची गरज संपते.

भेटीच्या तारखा ठरलेल्या असाव्यात: तिसरा दिवस, पहिली पाण्याची पाळी, पहिला पगार, पंचेचाळीसावा दिवस, नव्वदावा आणि सहा महिने. पहिल्या पगाराला समन्वयकाने पगारपावती घेऊन घरी बसावं आणि सासू किंवा नवऱ्यासमोर कपात समजावून सांगावी.

पहिली तुकडी दिवाळी झाल्यावर पाठवा. युनिफॉर्मचं काम साधारण जानेवारीपासून जोर धरतं आणि जूनमध्ये शाळा उघडल्या की ओसरतं. मार्चमध्ये पाठवलेली मुलगी नीट शिकेपर्यंत हंगाम संपतो आणि सर्वात आधी तिलाच घरी बसवतात. नोव्हेंबरमध्ये गेलेली मुलगी जानेवारीत पूर्ण कामाला तयार असते, आणि जूनमध्ये कुणाला ठेवायचं हे ठरवताना मालकाला तिचं नाव माहीत असतं. चार कारखाने, प्रत्येकी तीन, असे बारा जण पहिल्या वेळी पुरे. त्या बारा जणांचे नव्वद दिवस पूर्ण होईपर्यंत तेराव्याचा अर्ज घेऊ नका.